पडद्यावरची अक्षरे आणि त्यांचे रंग

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात भर उन्हातून कोणी शिरला, की प्रथम त्याला अंधाराखेरीज काहीच दिसत नाही. डोळे निवले म्हणजे भिंतीवरून हाती कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू पुढे येऊ लागतो. तो आधी का दिसावा? त्याची कांती उजळ, पाठीमागचा परिसर गडद, आणि अंगाच्या कडा रेषेने बांधून घेतलेल्या. गेरू, पिवडी, हिरवी माती, चुना, काजळ आणि दूरदेशीहून आलेला लाजवर्दी निळा एवढ्या मोजक्या सामग्रीवर काम करणाऱ्या त्या चितारींना लेण्यातला उजेड किती तोकडा आहे, याचे भान खचितच असले पाहिजे.

आज प्रोजेक्टर लावून स्लाइड दाखविणाऱ्या वक्त्यास ते भान असतेच असे नाही. समजा, मराठवाड्यातील एखाद्या सभागृहात पाण्याच्या नियोजनाची सभा भरली आहे. पैठणच्या नाथसागरातून सुटणारे आवर्तन कालव्याच्या शेपटाकडील कोणत्या गावांपर्यंत पोचेल, हे नकाशावर दाखवायचे आहे. पाणी मिळणारी गावे हिरव्या ठिपक्यांनी, न मिळणारी तांबड्या ठिपक्यांनी दाखविली आहेत. जमीन काळी, आणि गावांची नावे निळ्या अक्षरांत. वक्त्याच्या टेबलावरील संगणकावर हे सारे लखलखीत दिसते. मागच्या रांगेतील शेतकऱ्यास मात्र आपल्या गावाचे नावच सापडत नाही, मग पेरणीचा निर्णय तो कशाच्या आधारे घेणार?

दोष येथे प्रोजेक्टरचा नव्हे. प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही, ही साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्लाइडमधला काळा रंग म्हणजे पडद्याचा तेवढा भाग प्रकाशावाचून सोडलेला. खिडकीतून ऊन आले, दिवे चालू राहिले, की तो भाग राखी होतो. हिशेब सोपा आहे. प्रोजेक्टरच्या पांढऱ्या प्रकाशाला १ मानले आणि बाहेरचा उजेड त्याच्या एक-दशांश धरला, तर पांढरी जागा १.१ आणि काळी जागा ०.१, दोहोंचे प्रमाण ११ ला १. हाच उजेड निम्मा झाला, तर १.५ आणि ०.५, म्हणजे अवघे ३ ला १. मराठवाड्यातील एप्रिलचे ऊन आणि सभागृहाचे विरळ पडदे ध्यानी घेता ही दुसरी स्थिती मुळीच दुर्मीळ नाही.

जादूच्या कंदिलाचे जुने कारागीर हे गणित न मांडताही जाणत होते. काचेवर रंग भरताना ते पारदर्शकच घ्यावे लागत. जाड, अपारदर्शक रंग कितीही सुंदर असला तरी पडद्यावर त्याची काळी सावलीच पडे. पांढरे हवे तेथे काच कोरी सोडायची! भुतांचे खेळ दाखविणारे तर आकृतीभोवतीची सारी काच काळी करीत, म्हणजे आकृती अंधारात अधांतरी उभी राहिल्यासारखी भासे. महाराष्ट्रात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगविलेल्या काचचित्रांचे खेळ लोकप्रिय केले. असे खेळ अंधारात होत. काळ्या जमिनीवर उजळ आकृती ही रीत अंधाराची आहे. तीच दिवसाउजेडी वर्गात आणली, की फसते.

उजेड असलेल्या दालनात पांढरी किंवा फिकट जमीन व गडद अक्षरे हीच निवड श्रेयस्कर. प्रकाशाचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहते हे खरे. परंतु भरपूर प्रकाशात डोळ्याची बाहुली आकसते आणि कडा रेखीव दिसतात. दालन पूर्ण अंधारे असेल, तर तीच पांढरी जमीन डोळ्यांवर येते आणि गडद जमिनीवरील फिकट अक्षरे सुखावह वाटतात.

आता रंगांविषयी. मानवी डोळ्याला सर्व रंग सारखेच तेजस्वी दिसत नाहीत. पडद्यावरील पांढऱ्या प्रकाशाचे तेज शंभर धरले, तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा केवळ ७ असतो. म्हणून काळ्यावर निळे अक्षर बुडते आणि पांढऱ्यावर पिवळे विरते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ साली संकेतस्थळांसाठी साध्या अक्षरांना किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ असे तेजाचे प्रमाण सुचविले. त्या मापाने काळ्यावर निळे सुमारे २.४, पांढऱ्यावर पिवळे १ च्या किंचित वर, तर काळ्यावर पिवळे १९ च्याही पुढे जाते. निळ्यावर तांबडे तर सर्वांत वाईट! दोहोंतील तेजाची तफावत अल्प, आणि डोळ्याचे भिंग तांबडे व निळे किरण एकाच ठिकाणी एकवटू शकत नसल्यामुळे अक्षरे थरथरत असल्याचा भास होतो.

देवनागरीची एक निराळी अडचण आहे. अनुस्वाराचा टिंब पुसट झाला, की ‘रंग’चा ‘रग’ होतो. रफार, उकार, बारीक वेलांट्या यांचेही तेच. रंगांची जोडी उत्तम असली तरी अक्षर ठसठशीत हवेच. अक्षरांमागे वेलबुट्टी घालण्याचा मोहही आवरावा; हिमरूची शाल खांद्यावर शोभते, मजकुराच्या पाठीमागे नव्हे.

तांबडा-हिरवा भेद न कळणारी माणसे प्रत्येक मोठ्या सभेत असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आढळते; भारतात ते कमी आहे, पण नगण्य नाही. ज्या अर्थासाठी केवळ रंगावर भिस्त ठेवली, तो अर्थ त्यांच्यापुरता हरवला.

पाण्याचा तो नकाशा सुधारणे कठीण नाही. जमीन पांढरी करावी. पाणी पोचणाऱ्या गावांना भरीव गडद निळा ठिपका आणि न पोचणाऱ्यांना गडद नारिंगी पोकळ चौकोन द्यावा. नावे काळ्या जाड अक्षरांत, ठिपक्याबाहेर मोकळ्या जागेत लिहावी. मग सभेच्या आदल्या दिवशी, सभेच्याच वेळेस, दालनातील दिवे लावून कोणीतरी शेवटच्या रांगेत जाऊन बसावे आणि कालव्याच्या शेपटाकडील गावांची नावे एकेक करून मोठ्याने वाचावी. जे नाव वाचताना अडखळायला होईल, त्याचे अक्षर त्याच संध्याकाळी वाढवून घ्यावे.