नियम ठाऊक नसेल तर न्यायही अन्याय वाटतो

फुटबॉलच्या सामन्यात गोल होतो, जल्लोष सुरू होतो आणि तेवढ्यात रेषापंचाचा झेंडा वर जातो. लगेच पंचाच्या नावाने शिव्याशाप सुरू! परंतु ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना ऑफसाईडचा नियम ठाऊक असतो? आमच्या मते फारच थोड्यांना. आणि ज्याला नियमच ठाऊक नाही, त्याला न्यायही अन्याय वाटतो आणि खरा अन्याय झाला तरी तो सिद्ध करता येत नाही.

मुळात नियम अवघड नाही. सहकारी चेंडू मारतो त्या क्षणी जो खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असून चेंडूपेक्षा आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा गोलरेषेच्या जवळ असतो, तो ऑफसाईड जागेत असतो. बरोबरीत असेल तर नाही. नुसते तेथे उभे राहणे हा गुन्हा नव्हे. तेथून खेळात भाग घेतला तरच तो गुन्हा. थ्रो-इन, गोल किक व कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम लागत नाही. गोलपाशी ठाण मांडून आयता घास गिळणाऱ्यांना आळा घालणे, हा त्यामागचा हेतू.

२०१० चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत झाला. पहिल्याच सामन्यात मेक्सिकोच्या कार्लोस वेलाचा गोल नाकारला गेला. त्याच्यापुढे एक बचावपटू होता, मग ऑफसाईड कसा? अनेकांना हे कोडेच वाटले. कॉर्नरवरचा चेंडू सहकाऱ्याच्या डोक्याला लागून वेलाकडे आला, तेव्हा गोलरक्षक खुने पुढे निघून आला होता. मागे उरला एकच प्रतिस्पर्धी. नियम मागतो दोन. निर्णय चोख होता!

त्याच स्पर्धेत मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने गोल केला. तो उघड ऑफसाईड होता. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सर्वांनी तो पाहिला, मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत राहिले. परंतु पडदा पाहून निर्णय बदलण्याची मुभा पंचाला नव्हती. गोल कायम राहिला, मेक्सिको ३-१ ने हरून बाहेर पडला. पुढे फिफाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी माफी मागितली. माफीने सामना परत मिळतो काय?

ज्यांचे नुकसान झाले त्यांना नियम ठाऊक होता, म्हणूनच त्यांना नेमके बोट दाखवता आले. २०१८ च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच आले. नियम काही आकाशातून पडलेले नसतात. ऑफसाईडचेच पाहा. पूर्वी पुढे तीन प्रतिस्पर्धी लागत, १९२५ मध्ये ते दोन केले आणि इंग्लंडच्या पहिल्या विभागात एका हंगामात गोल १,१९२ वरून १,७०३ वर गेले. माणसांनी केलेला नियम माणसांनीच सुधारला.

म्हणून आम्ही तरुण प्रेक्षकांना सांगतो: शिवी देण्यापूर्वी नियम वाचा. पंचाला तुमच्या आरडाओरड्याचे भय नसते. नियम जाणणाऱ्याच्या एका प्रश्नाचे मात्र उत्तर द्यावेच लागते.