दूरचा संगणक आणि विश्वासाची किल्ली

बेंगळुरू हे आज संगणकाचे शहर म्हणून ओळखले जाते. या ओळखीचा पाया घालणाऱ्या घटनांपैकी एक म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ साली तेथे सुरू केलेले केंद्र. उपग्रहाच्या दुव्याने हे केंद्र परदेशातील कार्यालयांशी जोडले गेले आणि हजारो मैलांवरच्या संगणकांशी देवाणघेवाण करणे शक्य झाले. त्या काळी ही सोय मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा याच शहरातील असंख्य कर्मचारी घरी बसून कार्यालयातील संगणक चालवू लागले.

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर उमटतो आणि आपण दाबलेली प्रत्येक कळ त्या संगणकापर्यंत पोहोचते, यालाच 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. बेंगळुरूत नोकरी करणारी मुलगी बेळगावात राहणाऱ्या वडिलांच्या संगणकातील बिघाड तेथे न जाता दुरुस्त करू शकते. मात्र जे दार मुलीला उघडते, ते चोरालाही उघडता कामा नये. म्हणून दूरचा संगणक प्रथम विचारतो, "आपण कोण?"

या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे परवलीचा शब्द. परंतु त्यात दोन उणिवा आहेत. तो पुन्हा पुन्हा लिहावा लागल्याने माणूस कंटाळतो आणि सोपा, अनेक ठिकाणी एकच असा शब्द निवडतो. दुसरे असे की, तो उघड्या मार्गाने पाठवला तर वाटेत कोणीही वाचू शकतो. फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेमके असेच घडले. तेथील जाळ्यावरून परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन या संशोधकाने १९९५ साली 'सिक्युअर शेल' अर्थात एसएसएच ही पद्धत तयार केली.

तिच्या मुळाशी असलेली कल्पना व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडली होती. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असावी. एक सार्वजनिक, दुसरी खाजगी. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिला गणिताचे बळ दिले. ५३ आणि ६१ यांचा गुणाकार ३२३३ हे सहज सांगता येते. परंतु केवळ ३२३३ दिल्यास तिचे मूळ अवयव शोधायला वेळ लागतो. हीच संख्या सहाशेहून अधिक अंकी असली, तर आजचे सर्वांत शक्तिशाली संगणकही हतबल होतात.

मराठेशाहीतील पत्रांवर शिक्कामोर्तब होत असे. शिक्क्याचा ठसा सर्वांच्या परिचयाचा असे, पण शिक्का मात्र अधिकाऱ्याच्याच हाती राही. खाजगी किल्ली म्हणजे तो शिक्का. फरक एवढाच की, कागदावरचा ठसा पाहून त्याची नक्कल करता येते. येथे प्रत्येक भेटीचा ठसा वेगळा असतो, म्हणून चोरलेला ठसा पुन्हा उपयोगी पडत नाही.

प्रत्यक्ष रचना अशी असते. मुलगी आपल्या संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार करते आणि सार्वजनिक किल्ली वडिलांच्या संगणकात एकदाच नोंदवते. पुढे जोडणीच्या वेळी, त्या भेटीपुरत्या ठरलेल्या संख्येवर तिचा संगणक खाजगी किल्लीने सही करतो. वडिलांचा संगणक सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो आणि दार उघडतो. परवलीचा शब्द विचारला जात नाही. खाजगी किल्लीही कोठे पाठवली जात नाही. जोडणीच्या सुरुवातीलाच तयार झालेल्या सांकेतिक बोगद्यातून मग पडद्याचे चित्र सुरक्षितपणे ये-जा करते.

ही सोय काही जबाबदाऱ्याही सोपवते. खाजगी किल्लीची फाईल कोणालाही देऊ नये आणि तिच्यावर एक सांकेतिक वाक्य लावावे. संगणक सुरू केल्यावर ते एकदा लिहिले की 'एजंट' नावाचा सहायक प्रोग्राम किल्ली स्मृतीत ठेवतो. पहिल्या जोडणीच्या वेळी समोरच्या संगणकाच्या किल्लीचा ठसा दाखवला जातो. तो दूरध्वनीवरून पडताळून घ्यावा. संगणक हरवल्यास त्याची सार्वजनिक किल्ली नोंदीतून तत्काळ काढून टाकावी. बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून कोणी पडदा खुला करण्यास सांगितले, तर स्पष्ट नकार द्यावा. अशा प्रसंगी कुलूप तुटत नाही. घरधनीच चोराला दार उघडून देतो.

कुलूप कितीही मजबूत असले, तरी किल्ली कोणाच्या हाती द्यावी हे ठरवणारा विवेक माणसाचाच असतो.