आजारी लेकरू, विमानाचा प्रवास आणि विम्याचा अर्ज



कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळ सुरू झाला आणि विमान आपल्या जिल्ह्याच्या दारात आले. आता कोणी लेकीकडे जातो, कोणी लग्नाला, कोणी मुंबई-दिल्लीच्या मोठ्या डॉक्टरकडे. पण घरात दम्याचे, फिट येणारे, हृदयाला छिद्र असलेले किंवा मधुमेहाचे लेकरू असेल, तर तिकिटाआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक विमानातली हवा, दुसरी विम्याचा अर्ज.

दुसरी आधी सांगतो, कारण तिचा चटका आमच्याच घराला बसला.

माझ्या भाचीच्या मुलीला सातव्या वर्षी मधुमेह निघाला. लहानपणीचा हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार होणेच थांबते आणि ते रोज सुईने द्यावे लागते. मागच्या वर्षी ही मंडळी दिल्लीला लग्नाला निघाली. तिकीट काढून देणाऱ्याने प्रवास विमाही उतरवला आणि जुन्या आजाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले. भाचीने हटकले, तर म्हणाला, “ताई, लिहिलं तर विमाच मिळत नाही. दोन दिवसांचा तर प्रवास.” दिल्लीत पोरीला ताप भरला, साखर चढली, दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. बिल कांद्याच्या पट्टीतून गेले. पुढे कंपनीचे पत्र आले: आजार लपवला, दावा नामंजूर.

आपल्या पीक विम्यावरून पाहा. रानात सोयाबीन आणि अर्जात कांदा असेल, तर पाहणीला माणूस आला की दावा गेला. गारपीट होऊन गेल्यावर त्याच गारपिटीचा विमा कोणी उतरवीत नाही. प्रवास विम्याचेही तसेच आहे. बहुतेक पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराचा खर्च वगळलेला असतो. काहींत फक्त जिवावर बेतले तर ठरावीक रकमेपर्यंत देतात. मग खरे लिहून काय उपयोग, असे तुम्ही विचाराल. उपयोग हा, की काय मिळणार नाही ते निघण्याआधीच कळते. पैसे बरोबर घेता येतात, आजार धरणारी दुसरी पॉलिसी शोधता येते आणि पाय मोडला किंवा सामान हरवले तर तो दावा लपवाछपवीच्या नावाखाली अडत नाही. रेल्वेच्या तिकिटाबरोबर रुपयाहून कमी पैशांत मिळणारा विमा मात्र अपघाताचा असतो, दुखण्याचा नव्हे.

आयुष्मान कार्ड असेल तर तेही पिशवीत टाका. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो आणि परराज्यातही योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यास ते चालते.

आता विमानातली हवा. उडत्या विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. अकोल्याची आपली कळसूबाई साधारण ५,४०० फूट. म्हणजे लेकरू तासन् तास कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ हवेत बसते. धडधाकट पोराला ते कळतसुद्धा नाही. पण हृदयाचे, फुप्फुसाचे, सिकलसेलचे दुखणे असेल तर डॉक्टरांना नेमके विचारा, “विमानाने नेले तर चालेल का?” नुसते “प्रवासाला नेतो” म्हटले तर ते एसटीचा विचार करतील. कंपन्या अशा वेळी डॉक्टरांकडून भरून घ्यायचा वैद्यकीय फॉर्म मागतात. घरचा ऑक्सिजन सिलिंडर उचलून नेऊ नका. ऑक्सिजन लागणार असेल तर तिकीट काढण्याआधीच कंपनीशी बोला.

मधुमेहाच्या लेकराचे इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही देऊ नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. हातातल्या पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका. लागेल त्याच्या दुप्पट घ्या, कारण धुक्याने विमान खोळंबले तर रात्र विमानतळावर निघते. सुया पाहून तपासणीवाले विचारतील; डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी दाखवली की काम होते. आणखी एक. जेवणाची गाडी दिसली म्हणून सुई टोचू नका. विमान हलू लागले की गाडी परत जाते आणि इकडे पोरीची साखर उतरते. ताट हातात आल्यावरच सुई. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच.

दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या यांनाही हाच नियम: हाताशी ठेवा. तान्ह्या बाळाला विमान चढता-उतरताना अंगावर पाजावे, कानाला दडे बसत नाहीत.

कंपनीने खरा दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याला विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तक्रार वर्षाच्या आत मात्र गेली पाहिजे. भाची तिकडे जायचे म्हणत होती. मी अर्जाची प्रत मागवून पाहिली. रकान्यात ‘नाही’ होते आणि खाली सही जावयांची होती.