लाल फुगा आणि भूतकाळाची दोन रूपे

मुंबई-पुण्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी बरीच मुले गुण चांगले पडतात म्हणून ते घेतात, हे कुणी लपवत नाही. क्रियापदांची रूपे पाठ, पत्राचा साचा पाठ. पेपर उत्तम जातो, आणि एखाद्या फ्रेंच माणसाने रस्ता विचारला तर तोंडून शब्द फुटत नाही. यावर चित्रपट दाखवा, असा उपाय सुचवला जातो. तो बरोबर आहे, पण अर्धाच. वर्षअखेरीस मुलांना दोन तास पडद्यासमोर बसवल्याने भाषा येत नाही. पाहिलेल्यातून मुलांनी स्वतः काही घडवले तरच चित्रपट वर्गात आणण्याला अर्थ आहे. आणि घडवायला बसले की व्याकरण टळत तर नाहीच, ते हवेसे वाटू लागते.

आल्बेर लामोरिसचा ‘ल बालों रूज’ (1956) घ्या. लांबी 34 मिनिटे, म्हणजे एका तासिकेत बसणारा. पॅरिसमधल्या एका लहान मुलाला दिव्याच्या खांबाला अडकलेला लाल फुगा मिळतो आणि तो फुगा पाळीव प्राण्यासारखा त्याच्या मागे फिरू लागतो. संवाद जवळजवळ नाहीत, तरी त्याला पटकथेचे ऑस्कर मिळाले. शब्द नाहीत म्हणूनच तो भाषेच्या वर्गाला सोयीचा. ते मुलांनी लिहायचे. लिहिताना पहिल्याच वाक्याला अडते. मुलगा शाळेत जात होता, तेवढ्यात त्याला फुगा दिसला. चालू असलेल्या गोष्टीसाठी फ्रेंचमध्ये अँपारफे, घडून गेलेल्यासाठी पासे काँपोझे. पाठ्यपुस्तकात या भेदाला नियमांची लांब यादी लागते. मराठी मुलाच्या कानात मात्र ‘जात होता’ आणि ‘दिसला’ हा फरक जन्मापासून आहे. एक गोष्ट तेवढी सांगावी लागते, की ‘तो रोज जायचा’ यातले ‘जायचा’सुद्धा फ्रेंचमध्ये अँपारफेतच जाते. इंग्रजीच्या आडवळणाने फ्रेंच शिकवताना ही हाताशी असलेली शिदोरी आपण वाया घालवतो, याचे मला फार वाईट वाटते.

फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘ले कात्र साँ कू’मध्ये (1959) भिंतीवर लिहिल्याबद्दल शाळकरी आंत्वानला शिक्षा होते, ती एक वाक्य सगळ्या काळांत चालवून आणण्याची. व्याकरणाची शिक्षा कशी होते, हे खुद्द फ्रेंच चित्रपटच दाखवतो. त्याच चित्रपटात पुढे मानसशास्त्रज्ञ बाई त्याला प्रश्न विचारतात. त्यांचा फक्त आवाज ऐकू येतो, कॅमेरा मुलावर खिळलेला असतो, आणि आंत्वानचे काम करणाऱ्या झाँ-पिएर लेओने उत्तरे बरीचशी स्वतःच्या शब्दांत दिलेली आहेत. हा प्रसंग पाहून झाल्यावर तसेच प्रश्न मुलांना विचारावेत आणि त्यांची उत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत. यावर आक्षेप येतो की पडद्यावरचे फ्रेंच भरभर आणि मोडके असते. पुस्तकातले ‘झ न से पा’ (मला माहीत नाही) तिथे ‘शे पा’ होते, मुले चुकीचे शिकतील. पण आपणही लिहितो ‘काय करत आहेस’ आणि बोलतो ‘काय करतोयस’. ज्याला पहिलेच शिकवले, त्याला मराठी घरात बसून काही कळणार नाही. दोन्ही रूपे शेजारी ठेवून शिकवावीत.

हा काही नवा प्रयोग नव्हे. येल विद्यापीठाचे पिएर काप्रेत्झ यांनी 1987 मध्ये ‘फ्रेंच इन अॅक्शन’ हा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या 52 भागांचा अभ्यासक्रमच एका कथाचित्रावर उभा केला. एकच शब्दप्रयोग निरनिराळ्या चित्रपटांच्या तुकड्यांतून पुन्हा पुन्हा दाखवायचा आणि अर्थ प्रसंगावरून कळू द्यायचा, ही त्यांची रीत. फ्रान्समध्येही 1989 पासून ‘कोलेज ओ सिनेमा’ योजनेत मुले शाळेच्या वेळात चित्रपटगृहात जातात आणि मग वर्गात त्यावर काम करतात. इंग्रजी उपशीर्षके दिली की मुले फक्त वाचत बसतात, ही तक्रार खरी आहे; म्हणून पहिल्यांदा उपशीर्षकांविना, दुसऱ्यांदा फ्रेंच उपशीर्षकांसह दाखवावे. मुलांनी घडवायचे ते भाषेतून; थर्माकोलचा आयफेल टॉवर हा प्रकल्प भाषेचा नाही, त्याला गुण देऊ नयेत. यंत्राकडून भाषांतर करून आणण्याची भीती असेल तर मजकूर वर्गातच, हाताने लिहून घ्यावा. परीक्षेला वेळ पुरत नाही म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे, की प्रसंग लिहून काढणारा मुलगा निबंधाचाच सराव करत असतो.

दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होईल. फ्रेंचच्या शिक्षकांना विनंती, की अख्खा चित्रपट नको, पाच मिनिटांचा एकच प्रसंग निवडा, आवाज बंद करून दाखवा आणि त्यातले संवाद मुलांना लिहू द्या.