तेलावर तरंगणारा दंड

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की गाडीवान त्याला वंगण घालतो. वंगणाने घर्षण कमी होते, एवढेच आपण जाणतो. परंतु वेगवान यंत्रात तेल याहून मोठे कार्य करते. तेथे ते चक्क भार उचलून धरते!

हे प्रथम ध्यानात आले ते १८८३ साली इंग्लंडात, आणि तेही काहीसे योगायोगाने. बीचम टॉवर हे अभियंते आगगाडीच्या आसाच्या धारव्यावर, म्हणजे कारखान्यात ज्याला बेअरिंग म्हणतात त्यावर, प्रयोग करीत होते. तेल सोडण्याकरिता त्यांनी वरच्या कवचास भोक पाडले, तो तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू वर सरकली. अखेर दाबमापक जोडला, तेव्हा त्याचा काटा चौरस इंचास २०० पौंडांपलीकडे गेला. वास्तविक धारव्यावरील सरासरी भार १०० पौंडच होता.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली याची उपपत्ती गणिताने मांडली. फिरणारा दंड धारव्याच्या मध्यबिंदूपासून किंचित ढळलेला असतो. त्यामुळे दोहोंमधील फट पाचरीसारखी निमुळती होते. दंड आपल्याबरोबर चिकट तेल या अरुंद जागेत ओढून नेतो, आणि तेथे कोंडलेल्या तेलाचा दाब वाढून दंड उचलला जातो. वेग नसेल तर दाबही नाही. म्हणूनच यंत्राची झीज मुख्यतः सुरू होताना व थांबताना होते, आणि मोठ्या टर्बाइनांत आरंभी पंपाने तेल दाबून दंड आधीच उचलून ठेवतात.

मग वेग वाढवीत जावे काय? तसे नव्हे. एक तर तेल तापून पातळ होते. ते फिरवून थंड करावे लागते. दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. फटीतील तेल सरासरीने दंडाच्या पृष्ठाच्या सुमारे निम्म्या वेगाने वाहते. भार हलका व वेग फार असला, म्हणजे दंड स्वतःभोवती फिरत असतानाच निम्म्याहून किंचित कमी गतीने धारव्यातही घिरट्या घालू लागतो. १९२५ साली अमेरिकेत न्यूकर्क व टेलर यांनी या घिरट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची गती दंडाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, तर यंत्र हादरून मोडू शकते.

यावर उपाय म्हणजे अखंड कवचाऐवजी स्वतंत्रपणे झुकणाऱ्या गाद्या. प्रत्येक गादी आपली पाचर आपणच साधते, व तेलाचा रेटा दंडाच्या मध्याकडेच राहतो. बाजूस ढकलणारे बळ उरत नाही. अशा गाद्या मुळात उभ्या दंडाचा भार पेलण्यासाठी ऑस्ट्रेलियात मिचेल व अमेरिकेत किंग्जबरी यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे योजल्या. किंग्जबरी यांचा धारवा १९१२ साली सस्क्वेहॅना नदीवरील होल्टवुड विद्युत्केंद्रात बसविण्यात आला, आणि पुढे कित्येक दशके तो कामावर होता.