कुंडीतले नाताळचे झाड जपा वर्षानुवर्षे

नाताळ जवळ आला की रोपवाटिकांत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीतले अरोकेरिया मिळू लागते. पॅसिफिक महासागरातील नॉरफॉक बेटावरचे हे झाड १७७४ साली कॅप्टन कुकने पाहिले. नीट जपल्यास तेच दरवर्षी सजवता येते. मात्र त्याचा शेंडा कधीही छाटू नये, त्यावर जड चांदणीही लावू नये. शेंडा मोडला तर सरळ वाढ खुंटते आणि वाळून गळालेल्या खालच्या फांद्या पुन्हा फुटत नाहीत. कुंडी भरपूर उजेडाच्या खिडकीपाशी ठेवावी, दर आठवड्याला थोडी फिरवावी. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पाणी साचले तर मुळे कुजतात. सजावट हलकी असावी आणि सण संपताच उतरवावी. पुढच्या नाताळात झाड थोडे अधिक उंच झालेले असेल.