यंत्राचा पत्ता

घराचा पत्ता रोज पालटू लागला, तर टपालवाल्याने पत्र द्यावयाचे कोणाला? संगणकांच्या जाळ्यातही हाच प्रश्न उद्भवतो. संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. बहुधा तो कारखान्यातच कार्डात नोंदविलेला असतो. काही स्वस्त, लहान संगणकांत मात्र ही नोंद नसते. अशा वेळी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जणू फासे टाकून एक पत्ता ठरवितो. तो कारखान्याचा नव्हे, हे दर्शविणारी एका बिटाची खूणही त्यात ठेवितो.

काम सुरू होते खरे. परंतु वीज जाऊन परत आली, की पत्ता नवा! मग आयपी क्रमांक वाटणारा सर्व्हर त्या यंत्राला ओळखत नाही व त्याच्यासाठी राखून ठेवलेला क्रमांक त्याला देत नाही. यंत्र दूरच्या पंपघरात असेल, तर ते चालू असूनही हरवल्यासारखेच होते.

यावर उपाय साधा आहे. पत्ता एकदाच ठरवून स्थायी स्मृतीत लिहावा आणि यंत्र सुरू होताना ‘डिव्हाइस ट्री’ या वर्णनपत्रातून तो कर्नलच्या हाती द्यावा. तेथे पत्ता मिळाला, की फासे टाकण्याचे कारणच उरत नाही.

मोबाइल फोन मात्र माग लागू नये म्हणून निरनिराळ्या जाळ्यांत मुद्दाम निरनिराळे पत्ते धारण करतात. फिरत्याला लपणे हिताचे. एका जागी राहून सेवा करणाऱ्याला ओळख टिकविणे हिताचे.